आग किती काळ पुरली

यूक्राइट जातीच्या अशनीचा ताजा तुकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आकाशातून आलाय हे खरं वाटत नाही. बाहेरून ओल्या डांबरासारखी चकचकीत काळी साल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. सालीच्या आत फिकट राखाडी, बारीक कणांचा, अगदी साधा दगड. लोखंडाची चमक नाही, आणि बहुतेक अशनींमध्ये दिसतात तसे गोल दाणेही नाहीत. पृथ्वीवरच्या एखाद्या लाव्हाप्रवाहातून फोडलेला बेसॉल्ट शेजारी ठेवला, तर दोघं सख्खी भावंडं वाटावीत. तो बेसॉल्टच आहे. फक्त ज्या ज्वालामुखीतून तो बाहेर आला तो पृथ्वीवर नव्हता आणि साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीच विझला.

मला हे दगड आवडतात ते त्यांच्या या साधेपणामुळे. लोखंडी अशनी कापून आम्लात बुडवला की त्यावर नक्षी उमटते, पल्लासाइटमध्ये पिवळी-हिरवी ऑलिव्हीनची रत्नं दिसतात. बेसॉल्टी अशनी असं काहीच दाखवत नाही. त्याच्याकडून सगळं काढून घ्यावं लागतं.

आधी बेसॉल्ट कसा होतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ग्रहाच्या प्रावरणातला दगड म्हणजे बर्फ नव्हे, की तापला आणि सगळ्याचं पाणी झालं. अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा थोडासाच भाग वितळतो, साधारण दहा-वीस टक्के. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि लोह ज्यात जास्त तो भाग आधी रस होतो. मॅग्नेशियमने भरलेलं ऑलिव्हीन मागे घट्ट बसून राहतं. हा रस भोवतालच्या दगडापेक्षा हलका, म्हणून भेगा शोधत वर चढतो, आणि पृष्ठभागावर किंवा त्याच्या जवळ गोठला की बेसॉल्ट. तेव्हा बेसॉल्टचा एक खडा हाती आला, की जिथून तो आला त्या गोलाच्या पोटात एके काळी आग होती, हे तिथला ज्वालामुखी न पाहताही सांगता येतं. मग पुढचा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते या अशनींना विचारण्यासारखा तोच खरा प्रश्न आहे: ती आग किती काळ पुरली?

पण आधी दगड परका आहे हे तर ठरायला हवं. इथेच सर्वात जास्त चुका होतात. अशनी ओळखण्याच्या ज्या कसोट्या सगळीकडे सांगितल्या जातात त्या कॉन्ड्राइटसाठी, म्हणजे लोखंड-निकेलचे कण असलेल्या अशनींसाठी बनलेल्या आहेत. बेसॉल्टी अशनीत धातू जवळपास नसतो. लोहचुंबक त्याला ओढत नाही, निकेलची रासायनिक चाचणी कोरी जाते, वजनही हाताला जड लागत नाही. उलट पृथ्वीवरच्या पुष्कळ बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोह-खनिज असल्यामुळे चुंबक तिकडेच चिकटतो. सालीचं तसंच. कॉन्ड्राइटची साल मंद, काजळीसारखी. यूक्राइटमध्ये कॅल्शियम जास्त आणि मॅग्नेशियम कमी असल्यामुळे वातावरणात वितळलेला थर काचेसारखा गोठतो, म्हणून ती चकाकते. ती चकाकी पाहून पुष्कळदा हा तर भट्टीतला मळ म्हणून दगड बाजूला टाकला जातो.

चुंबकाबद्दल जरा कळकळीने सांगायचं आहे. संशयित दगडाला जोरकस निओडिमियम चुंबक लावण्याची सवय वाईट आहे. दगड गोठताना त्याच्या चुंबकीय खनिजांमध्ये त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि तीव्रता कोरली जाते. मूळ गोलाच्या गाभ्यात वितळलेलं लोखंड फिरत होतं की नाही हे त्यावरून कळू शकतं. हातातल्या चुंबकाचा एक स्पर्श ती नोंद पुसतो. मंगळावरून आलेल्या एनडब्ल्यूए ७०३४ या अशनीच्या आणि त्याच्याच पडझडीतल्या इतर तुकड्यांच्या बाबतीत हेच झालं. २०२३ मध्ये तपासलेले तुकडे सगळे गोळा करणाऱ्यांच्या चुंबकांनी पुन्हा चुंबकित झालेले निघाले. मंगळाच्या सर्वात जुन्या कवचाचे नमुने, आणि त्यांची चुंबकीय स्मृती दोन सेकंदांच्या चाचणीत गेली. चुंबकीय ग्रहणशीलता मोजणारं हातात मावणारं उपकरण मिळतं, त्याने दगडाला काही होत नाही. ते नसेल तर काहीच न लावणं बरं.

बुडबुड्यांची कसोटीही अशीच. दगडात पोकळ्या असतील तर तो अशनी नाही, असं सांगतात, आणि शंभरात नव्व्याण्णव वेळा ते बरोबर असतं. पण १९५७ मध्ये ब्राझीलमध्ये पडलेल्या इबितिरात बुडबुडे आहेत, अर्जेंटिनात १९७९ मध्ये सापडलेल्या साडेसोळा किलोच्या द'ऑर्बिन्यीत आहेत. त्यांच्याकडे पुढे येतोच.

दगडाचा खरा जबाब सुरू होतो तो पातळ कापात. तुकडा हिऱ्याच्या पात्याने कापायचा, काचपट्टीवर राळेने चिकटवायचा आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायचा. कापताना पाणी वापरायचा मोह टाळायचा, कारण परग्रहावरून आलेले विरघळणारे क्षार त्यात असतील तर ते पाण्याबरोबर वाहून जातात. काप जाड राहिला तर रंग चुकतात. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार दोन आडव्या-उभ्या ध्रुवित चाळण्यांमध्ये राखाडी-पांढरं दिसायला हवं. ते पिवळसर दिसलं की अजून घासायचं आहे. काप नीट जमला की यूक्राइटमध्ये प्लॅजिओक्लेजच्या लांबट पांढरट पट्ट्या एकमेकींना छेदत पडलेल्या दिसतात आणि त्यांच्यामधल्या जागा पायरॉक्सीन या रंगीत खनिजाने भरलेल्या. पृथ्वीवरच्या बेसॉल्टचीही वीण हीच. पट्ट्या आधी गोठल्या, मग उरलेल्या जागेत दुसरं खनिज वाढलं. त्या पायरॉक्सीनवर भिंग वाढवलं की फरक कळतो. बहुतेक यूक्राइटमध्ये त्यात केसासारख्या समांतर रेघा असतात. लाव्हा म्हणून भराभर गोठलेला दगड नंतर पुन्हा बराच काळ सातशे-आठशे अंशांच्या वर भाजला गेला, आणि एका पायरॉक्सीनमधून दुसरं हळूहळू सुटून वेगळं झालं, याची ती खूण. एका प्रवाहावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर चढत गेले आणि खालचे त्या ढिगात शेकत राहिले.

काप पाहून झाल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब. एक-दोन मायक्रॉन रुंदीचा इलेक्ट्रॉनचा झोत पायरॉक्सीनवर टाकायचा आणि लोह व मँगनीज मोजायचं. ही दोन मूलद्रव्यं स्फटिकात जवळपास एकाच मापाची जागा घेतात, म्हणून रस गोठत जातो तसं त्यांचं परस्पर प्रमाण फारसं बदलत नाही. ते ठरतं गोल घडतानाच: मँगनीज किती उडून गेलं आणि लोह किती गाभ्यात बुडालं यावर. पृथ्वीच्या बेसॉल्टमधल्या पायरॉक्सीनमध्ये एका मँगनीजमागे साधारण ४० लोह, चंद्राच्या बेसॉल्टमध्ये ६० च्या पुढे, मंगळ आणि यूक्राइट दोन्ही ३० च्या आसपास. म्हणजे चंद्राचा दगड इथे वेगळा पडतो, पण मंगळ आणि यूक्राइट यांच्यात गोंधळ होतो.

तो गोंधळ ऑक्सिजन सोडवतो. दोन मिलिग्रॅम भुकटी पुरते. ब्रोमीन पेंटाफ्लोराइडच्या वायूत लेसरने तापवली की दगडातला सगळा ऑक्सिजन सुटतो. तो शुद्ध करून १६, १७ आणि १८ वस्तुमानाच्या अणूंचं प्रमाण मोजायचं. पृथ्वीवरचा कोणताही दगड एकाच रेषेवर येतो. मंगळाचे दगड त्या रेषेच्या सुमारे ०.३ सहस्रांश वर, यूक्राइट सुमारे ०.२४ सहस्रांश खाली, अँग्राइट (बेसॉल्टी अशनींचं आणखी एक कुळ, त्याच्याकडे पुढे येतो) जेमतेम ०.०७ खाली. आणि चंद्र? तो पृथ्वीच्याच रेषेवर. म्हणजे लोह-मँगनीज जिथे गप्प होतं तिथे ऑक्सिजन बोलतो, आणि ऑक्सिजन गप्प होतो तिथे लोह-मँगनीज. एकाच चाचणीवर दगडाचं कुळ ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गडबड होते ती गंजामुळे. वाळवंटात पडून राहिलेल्या दगडाच्या भेगांत चुनखडी भरते, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम बाहेरून घुसतात, गंजात पृथ्वीचा ऑक्सिजन येऊन बसतो आणि मोजमाप आपल्या रेषेकडे सरकतं. म्हणून भुकटी आधी रसायनात धुऊन गंज काढावा लागतो. अंटार्क्टिकाचं बर्फ दगड जपतं असा समज आहे, आणि तो बराचसा खरा आहे. तरी तिथल्या यूक्राइटमध्येही सिरियमचं प्रमाण विचित्र निघतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी फॉस्फेट खनिजं विरघळवतं, त्यांतली दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं वाहून जातात. सिरियम मात्र ऑक्सिजन घेऊन अविद्राव्य होतं आणि मागे राहतं. हे ध्यानात न घेता कुणी त्या आकड्यांवरून मूळ गोलाचा इतिहास मांडू लागला, तर तो अंटार्क्टिकाच्या पाण्याचा इतिहास मांडतो.

आता कुळाकडे. १९७० मध्ये टॉम मॅककॉर्ड, जॉन ॲडम्स आणि टॉरेन्स जॉन्सन यांनी वेस्टा या लघुग्रहावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला. पायरॉक्सीनचा पट्टा ०.९ मायक्रॉनच्या आसपास खोल दिसला, आणि तो प्रयोगशाळेतल्या यूक्राइटच्या पट्ट्याशी जुळला. तरी एक अडचण राहिली. वेस्टा जिथे फिरतो तिथून दगड पृथ्वीकडे यायला सोपी वाट नाही. १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांनी वेस्टासारखाच वर्णपट असलेले लहान लघुग्रह वेस्टापासून थेट त्या जागेपर्यंत पसरलेले दाखवले, जिथे गुरूच्या ओढीने कक्षा डळमळते आणि दगड आतल्या ग्रहांकडे ढकलले जातात. वाट सापडली. पुढे डॉन यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ वेस्टाभोवती फिरलं. दक्षिण ध्रुवावर सुमारे ५०० किमी रुंदीचं रियासिल्विया विवर, आणि वेस्टाचा स्वतःचा सरासरी व्यास ५२५ किमी. एवढ्या आघातातून उडालेल्या ढलप्या म्हणजे ते लहान लघुग्रह, आणि त्यांच्या ढलप्या म्हणजे संग्रहालयातले आपले यूक्राइट.

डॉनला एक गोष्ट मात्र दिसली नाही: ठसठशीत असा एकही ज्वालामुखी. शंकू नाही, मुख नाही, ओघळलेला प्रवाह नाही. साडेचारशे कोटी वर्षांच्या माऱ्याने पृष्ठभागाचा चुरा होऊन गेला आहे. हॉवर्डाइट जातीचे अशनी म्हणजे तोच चुरा पुन्हा घट्ट झालेला. वेस्टावर लाव्हा वाहिला होता हे आपण ठामपणे म्हणतो ते दगडांतल्या त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या विणीवरून. मला यात फार मोठी गोष्ट वाटते. ज्वालामुखी झिजून नाहीसा होतो, पण त्याचा दगड साक्ष द्यायला उरतो.

सव्वापाचशे किलोमीटरच्या गोळ्यात आग आलीच कुठून? पृथ्वी आजही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारावर आणि जन्मवेळच्या शिल्लक उष्णतेवर तापलेली आहे. लहान गोळ्याला हे परवडत नाही. त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता निर्माण होते त्याहून लवकर निघून जाते. त्याला जलद पेटणारं इंधन लागतं. ते होतं ॲल्युमिनियम-२६. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षं. सूर्यमालेच्या सुरुवातीला ते सर्वत्र मिसळलेलं होतं आणि पन्नास लाख वर्षांत त्याचा शंभरावा भागही उरला नाही.

हे आधी गणित होतं. दगडातला पुरावा हवा होता. ॲल्युमिनियम-२६ संपलं की मॅग्नेशियम-२६ होतं. तेव्हा ज्या खनिजात ॲल्युमिनियम खूप आणि मॅग्नेशियम जवळपास नाही अशा खनिजात मॅग्नेशियम-२६ चा वाढीव अंश शोधायचा. प्लॅजिओक्लेज असं खनिज आहे. राजस्थानात २० जून १९९६ रोजी पिपलिया कलां येथे पडलेल्या यूक्राइटच्या प्लॅजिओक्लेजमध्ये गोपालन श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी तो वाढीव अंश मोजला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. तो दगड गोठला तेव्हा त्यात ॲल्युमिनियम-२६ जिवंत होतं, म्हणजे सूर्यमाला जन्मून काही दशलक्ष वर्षंच झाली होती. हा अंश मोजणं सोपं नसतं. तोच दगड नंतर पुन्हा भाजला गेला तर मॅग्नेशियम एका खनिजातून शेजारच्या खनिजात झिरपतं आणि खूण पुसट होते. यूक्राइट तर बहुतेक भाजलेलेच, म्हणून ही खूण टिकून सापडली याचं मोल मोठं.

वेस्टाची आग म्हणजे कागदाची आग. भडकली, सगळा गोळा वितळवला, गाभ्यात लोखंड बुडालं, वर बेसॉल्टचं कवच गोठलं, आणि इंधन संपलं. कवचाच्या ढिगात दगड शेकत राहिले तो काळ धरला तरी पृथ्वीच्या मानाने सगळा खेळ पापणी लवण्याएवढा.

अँग्राइटची गोष्ट याहून जलद. या कुळाचं नाव ज्यावरून पडलं तो अंग्रा दोस रेइस १८६९ च्या जानेवारीत ब्राझीलच्या एका उपसागरात पडला आणि पाणबुड्याने वर काढला. पण जास्त सांगणारा नातेवाईक आहे द'ऑर्बिन्यी. त्यात सोडियम आणि पोटॅशियम जवळपास नाहीच; प्लॅजिओक्लेज शुद्ध कॅल्शियमचं. त्यातल्या पोकळ्यांच्या भिंतींवर गडद पायरॉक्सीनचे चकचकीत, टोकदार स्फटिक उभे आहेत, मोकळ्या जागेत निवांत वाढलेले. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर भराभर गोठलेला बारीक कणांचा भाग. म्हणजे रसात वायू होता, आणि तो फुटून निसटायच्या आत दगड गोठला.

हे वाटतं तितकं सोपं नाही. निर्वात पोकळीत लाव्हा उघडा पडला की त्यातला वायू स्फोट झाल्यासारखा फुटतो. बुडबुडा टिकवायला वरून दाब लागतो. वेस्टाचं गुरुत्व पृथ्वीच्या चाळिसाव्या भागाएवढं. तिथे लाव्ह्याच्या एका मीटरखाली जेमतेम ७०० पास्कल दाब मिळतो, म्हणजे पृथ्वीवरच्या हवेइतका दाब हवा तर सुमारे दीडशे मीटर खाली जायला हवं. म्हणून बुडबुड्यांचा अशनी दिसला की तो प्रवाहाच्या तळातून आला की भेगेतून, आणि वर किती थर होता, हे विचारता येतं. लायोनेल विल्सन आणि क्लाउस काइल यांनी याच गणिताची दुसरी बाजू मांडली. शंभरेक किलोमीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या गोळ्यावर रसात थोडासा जरी वायू असला, तरी फवारा इतक्या वेगाने उडतो की थेंब परत खाली पडतच नाहीत. अशा लघुग्रहांचा लाव्हा थेट अवकाशात गेला. काही कुळांचे प्रावरणाचे दगड सापडतात पण बेसॉल्ट सापडत नाही, याचं हे मला सर्वात पटणारं उत्तर.

द'ऑर्बिन्यीचं वय शिशाच्या समस्थानिकांवरून ४५६ कोटी ३४ लाख वर्षं निघतं. सूर्यमालेतले पहिले घन कण ४५६ कोटी ७३ लाख वर्षांचे. चाळीस लाख वर्षांत धूळ जमून गोळा झाला, वितळला, आणि त्यावर लाव्हा वाहिला. या आकड्यामागे एक दुरुस्ती आहे. आधी हे वय ४५६ कोटी ४४ लाख मानलं जात होतं. युरेनियम-२३८ आणि युरेनियम-२३५ यांचं परस्पर प्रमाण सगळीकडे १३७.८८ धरायची पद्धत होती. ते दगडागणिक किंचित बदलतं हे कळल्यावर अँग्राइटमधलं प्रमाण प्रत्यक्ष मोजलं गेलं, आणि वय दहा लाख वर्षांनी खाली आलं. चाळीस लाखांच्या हिशेबात दहा लाखांची चूक म्हणजे हिशेबच बदलला.

चंद्राची आग अधिक काळ पुरली. कलहारीच्या वाळवंटात सापडलेला कलहारी ००९ हा बेसॉल्टी अशनी ४३५ कोटी वर्षांचा. वायव्य आफ्रिकेतला एनडब्ल्यूए ०३२ जवळपास २८० कोटींचा. चांग-अ ५ यानाने २०२० मध्ये आणलेला बेसॉल्ट २०३ कोटींचा. अपोलोने आणलेले दगड एकाच बाजूच्या मोजक्या जागांवरचे. अशनी चंद्राच्या कुठल्याही भागातून उडालेले असतात, म्हणून आगीची दोन्ही टोकं ताणायला त्यांची मदत झाली.

आणि मग मंगळ. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमधल्या शेरघाटीत सुमारे पाच किलोचा दगड पडला. व्हिएन्नात गुस्ताव चेरमाक यांनी त्याचा अभ्यास केला आणि १८७२ मध्ये त्यातल्या एका विचित्र काचेला मॅस्केलिनाइट नाव दिलं. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखी आहे. साध्या प्रकाशात प्लॅजिओक्लेजच्या स्वच्छ पट्ट्या, कडा धारदार, सगळं जागच्या जागी. ध्रुवित चाळण्या लावल्या की त्या पट्ट्या काळ्या होतात, आणि काप फिरवला तरी काळ्याच राहतात. स्फटिकाचा आकार शाबूत आहे, आतली अणूंची रचना मात्र मोडली आहे, आणि तेही वितळल्याशिवाय. त्यासाठी वीस-तीस गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे आपल्या वातावरणाच्या दोन-तीन लाख पट, क्षणभर. लोणारच्या विवरातही बेसॉल्टवर आघात होऊन अशीच काच झाली आहे.

शेरघाटीचं वय निघालं सुमारे साडेसोळा कोटी वर्षं. १९११ मध्ये इजिप्तमध्ये पडलेल्या नाख्लाचं सुमारे १३० कोटी. इथेच आगीचा प्रश्न निर्णायक ठरला. कोणता लघुग्रह ४४० कोटी वर्षं गरम राहील? एकही नाही. एवढा काळ आग जपायला मोठा ग्रह हवा. संशय मंगळावर गेला, आणि तो अंटार्क्टिकात सापडलेल्या ईईटीए ७९००१ ने पक्का केला. त्या दगडात आघाताने झालेल्या काचेचे गोळे होते. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी १९८३ मध्ये त्यात कोंडलेला वायू मोजला, आणि त्यातलं आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉनचं प्रमाण व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळाच्या हवेत मोजलेल्या प्रमाणाशी जुळलं.

शेरगोटाइटच्या, म्हणजे शेरघाटीच्या जातीच्या अशनींच्या, कोवळ्या वयावर पुढे बराच वाद झाला. शिशाच्या एका पद्धतीने वय ४०० कोटींच्या पुढे निघत होतं, आणि कोवळी वयं म्हणजे आघाताने पुसून पुन्हा सुरू झालेली घड्याळं आहेत असं म्हटलं गेलं. निकाल लावला बॅडेलेआइटच्या सूक्ष्म कणांनी. हे झिर्कोनियमचं ऑक्साइड. वाढताना युरेनियम घेतं आणि शिसं जवळपास घेत नाही, म्हणून त्यात सापडणारं शिसं बहुतेक नंतर तयार झालेलं. डेस्मंड मोझर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एका शेरगोटाइटचे असे कण आघाताच्या खुणांसकट तपासले. लाव्हा गोठल्याचं वय सुमारे १९ कोटी आलं.

नाख्लाइटनी, म्हणजे नाख्लाच्या जातीच्या अशनींनी, तर ज्वालामुखीचा वेगही सांगितला. त्यांतल्या वेगवेगळ्या अशनींची वयं अचूक मोजल्यावर ती एकच नाहीत हे दिसलं. निदान चार उद्रेक, सुमारे नऊ कोटी तीस लाख वर्षांत पसरलेले, आणि ज्वालामुखीच्या वाढीचा वेग दहा लाख वर्षांत जेमतेम अर्धा मीटर. पृथ्वीवरचे ज्वालामुखी याहून हजारो पटींनी भराभर वाढतात आणि लवकर मरतात, कारण आपल्याकडे भूपट्ट सरकतात आणि ज्वालामुखी त्याच्या चुलीवरून बाजूला जातो. मंगळावर कवच हलत नाही. एनडब्ल्यूए ७६३५ हा शेरगोटाइट २४० कोटी वर्षांचा, पण तो आणि ५०-६० कोटींच्या आतले त्याच्या घडणीचे इतर दगड सुमारे ११ लाख वर्षांपूर्वी एकाच आघातात उडाले. अवकाशातल्या किरणांनी त्यांच्यात तयार केलेल्या अणूंवरून ते कळतं. एकाच जागी जवळपास दोनशे कोटी वर्षं लाव्हा येत होता. वेस्टाची कागदाची आग, तर मंगळाची राखेखाली धुमसणारी.

यात एक सापळा आहे, आणि तो ओळखल्याशिवाय मंगळाबद्दल बोलू नये. मंगळाचा अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग साडेतीनशे कोटी वर्षांहून जुना, मग आपल्याकडे येणारे बहुतेक दगड कोवळे का? मंगळावरून सुटायला सेकंदाला ५ किमी वेग लागतो. तो झटका अखंड, घट्ट, ताज्या लाव्ह्याच्या दगडाला सोसतो. माऱ्याने भेगाळलेल्या जुन्या दगडाचा बहुधा चुरा होतो. म्हणजे आपल्याला मंगळाचा सरासरी दगड मिळत नाही, मिळतो तो उड्डाण सोसलेला दगड. एनडब्ल्यूए ७०३४, तोच ज्याची चुंबकीय नोंद पुसली गेली, म्हणून मौल्यवान. बेसॉल्टी तुकड्यांचा ढिगारा असूनही तो टिकला, आणि त्यातले झिर्कॉनचे कण ४४० कोटींच्या वरचे आहेत. शुक्राच्या बाबतीत तर असा एकही दगड नाही. तिथली दाट हवा उडालेला तुकडा बाहेर सोडतच नाही, म्हणून शुक्राची आग आपण फक्त यानांकडून जाणतो.

लोखंडी अशनी सांगतात की सुरुवातीला गाभा झालेले, म्हणजे पूर्ण वितळलेले गोळे अनेक डझन होते. त्यांची बेसॉल्टी कवचं तेवढीच हवीत, सापडतात मोजकी. २०२० मध्ये अल्जीरियाच्या एर्ग चेशमध्ये सापडलेला ००२ क्रमांकाचा अशनी या कोड्यात भर घालतो. त्याचं वय सुमारे ४५६ कोटी ५० लाख, आणि तो बेसॉल्टही नाही. त्यात सिलिका जवळपास ५८ टक्के, म्हणजे अँडेसाइट. सोडियम उडून गेलेलं नसताना कॉन्ड्राइटसारखा दगड थोडासा वितळला तर पहिला रस असाच निघतो. म्हणजे पहिली कवचं कदाचित बेसॉल्टची नव्हतीच, आणि आपण चुकीच्या रंगाचे लघुग्रह शोधत होतो. फिकट दगडात बोटाच्या पेराएवढे हिरवट पायरॉक्सीनचे स्फटिक रुतलेले आहेत. त्याच्या वर्णपटाशी जुळणारा एकही लघुग्रह आजवर आढळलेला नाही. ज्या गोळ्याचं ते कवच होतं तो फुटून गेला असेल, किंवा घडत्या ग्रहांच्या पोटात जाऊन पुन्हा वितळला असेल.